पोलिसांनी सॉरी म्हटलं का?

रविवारी लेकीला घेऊन पाथ ट्रेनने न्यूयॉर्कच्या ख्रिस्तोफर स्ट्रीटला गेलो, तिथून चालत स्टोनवॉल इन या समलिंगी लोकांच्या जुन्या बारपाशी. ती 8 वर्षांची, तिला दिसला विटांच्या भिंतीचा एक साधा बार. "एवढंच?" म्हणाली. समोरच्या चिमुकल्या बागेत मात्र रमली, तिथे जॉर्ज सीगलचे पांढरे पुतळे आहेत, दोन पुरुष उभे, दोन बायका बाकावर, एकीचा हात दुसरीच्या मांडीवर. ही सरळ त्यांच्याशेजारी जाऊन बसली, त्या हातावर हात ठेवला, "बाबा, गार आहे."

मग सांगितलं, की तेव्हा दोन पुरुष एकत्र नाचले तरी पोलीस पकडायचे, 28 जून 1969 ला पहाटे इथे धाड पडली आणि लोक गुपचूप घरी जायच्या ऐवजी भिडले. तिचा प्रश्न एकच, "पोलिसांनी सॉरी म्हटलं का?" म्हटलं हो, कमिशनरने, 2019 ला. "50 वर्षांनी? मला तर तू लगेच म्हणायला लावतोस!"

फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला तर काकूंचं उत्तर, "एवढ्याशा पोरीला कशाला दाखवायची ही तिकडची थेरं?"

आता तिकडची म्हणाल तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम इंग्रजांनी आणलं. त्यांनी आपल्या घरी 1967 पासून कायदा सैल केला, आपण मात्र तो 2018 पर्यंत वारसा असल्यासारखा जपला. आणि इकडे अमेरिकेत सगळं आलबेल आहे असंही नाही हं, स्टोनवॉल आता राष्ट्रीय स्मारक आहे, पण 2025 मध्ये याच स्मारकाच्या सरकारी वेबसाइटवरून ट्रान्सजेंडर हा शब्दच काढून टाकला, आपल्या सुप्रीम कोर्टाने तर 2014 लाच तृतीयपंथीयांना मान्यता दिलीये. लग्नाचं म्हणाल तर ते इथे 2015 पासून देशभर होतं, आपल्याकडे 2023 ला कोर्टाने संसदेकडे बोट दाखवलं.

पण पोरीच्या वयाचा मुद्दा मला पटतच नाही. तिला त्यात काही चावट दिसलंच नाही, तिला दिसला अन्याय. चावट आम्हाला दिसायचं, कॉलेजात एका मुलाला 'बायल्या' म्हणून चिडवणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो, त्याला 22 वर्षं झाली, सॉरी अजून म्हटलेलं नाही.

काकूंना यातलं काही लिहिलं नाही. लेकीचा तो सॉरीवाला प्रश्न तेवढा टाकला. ब्लू टिक आल्यात, रिप्लाय नाही.