सात कात्र्या, चोवीस कामट्या

आमच्या घरात कात्र्या सात. त्यातली दुधाच्या पिशव्या कापायची कात्री स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते, आणि ती तिथे असते कारण तिच्यावर आईचा पहारा असतो. 'वापरून झाली की टांगायची' हा आमच्या घरात पाळला जाणारा एकमेव कायदा. उरलेल्या सहा कात्र्या घराबाहेर गेलेल्या नाहीत, एवढंच मी शपथेवर सांगू शकतो.

दसऱ्याला पाटावर हत्यारं मांडायची म्हणून शोधाशोध केली, तर दोन सापडल्या. एक आईची. दुसरी धाकट्याच्या शिशुवर्गातली, बोथट नाकाची, प्लॅस्टिकची. तिच्याने लोणी कापलं जाईल की नाही शंकाच आहे, पण तिलाही हळदकुंकू वाहिलं. त्या पूजेचाच संचार झाला असावा. संध्याकाळी सोनं वाटून आल्यावर मी जाहीर केलं, की यंदा कंदील विकत आणायचा नाही. घरी करायचा, मुलांना घेऊन. दिवाळीला वीस दिवस होते. वीस दिवसांत माणूस काय करू शकत नाही?

बायको म्हणाली, "आधी जागा कर."

जागा म्हणजे २०२० च्या टाळेबंदीत ऑफिसच्या कामासाठी घेतलेलं टेबल. ऑफिस सुरू झाल्यापासून त्यावर इस्त्रीचे कपडे, कुकरची जादा शिट्टी आणि कुठल्याशा रिमोटचं मागचं झाकण अशी मंडळी राहायला आली होती. त्यांना हलवलं. श्रीखंडाचे अकरा रिकामे डबे घासून, उन्हात वाळवून, ओळीने लावले. वळणदार अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या : डिंक, दोरे, टिकल्या, चमकी, खडू. अकराव्यावर काय लिहावं सुचेना म्हणून लिहिलं 'संकीर्ण'. सरकारी कचेरी असो की घर, सगळ्यात जाड फाइल संकीर्णचीच होते. दोन दिवसांत तिला दुसरा डबा द्यावा लागला.

तिसऱ्या दिवशी 'टिकल्या' फ्रिजमध्ये सापडल्या. उघडून पाहतो तर कढीपत्ता.

"रिकामा दिसला म्हणून घेतला," आई म्हणाली.

"रिकामा? आणि आतल्या टिकल्या?"

"त्या संकीर्णमध्ये टाकल्या की."

असं लावता लावता सोळा दिवस गेले. टेबल मात्र असं देखणं झालं, की त्यावर काम करायची माझी हिंमत होईना. खळ सांडली तर? मग हॉलमध्ये जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि चौघं मांडी घालून बसलो. टेबल वरून आमच्याकडे बघत होतं.

बुरूड आळीतून कामट्या आणल्या होत्या, बोहरी आळीतून पतंगी कागद. रचना सोपी. चार कामट्यांचा एक चौकोन, असे सहा. टोकाला टोक बांधत गेलं की बारा गाठी होतात आणि मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. चोवीस कामट्यांचा तर मामला. यात अवघड काय आहे, असं मी तीनदा म्हणालो. दर वेळी आवाज थोडा खाली आला.

थोरली सातवीत आहे. माझा पहिला चौकोन हातात धरून ती म्हणाली, "बाबा, हा चौरस नाहीये. हा समभुज चौकोन आहे." बाजू सारख्या होत्या, हे मान्य. पण कोनांनी आपापला निर्णय घेतला होता. बारावी गाठ मारून सांगाडा उभा केला, तर तो अंग पिळून, गुडघे जवळ घेऊन खाली बसला. उचलला की उभा, सोडला की बसला. शेवटी आई आतून आली, चष्मा वर करून म्हणाली, "चौकोनात तिरपी काडी नाही का घातलीस?" सहा कामट्या जास्तीच्या लागल्या. चाळीस वर्षांपूर्वी माझे वडील कंदील करायचे असा माझा समज होता; काड्या कोण बांधायचं ते त्या दिवशी कळलं.

वडील खळीत चिमूटभर मोरचूद घालत, झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून. आमच्याकडे खळ खाणारा धाकटा असल्याने मोरचूद रद्द झालं. तसा त्याचा खरा जीव फेविकॉलमध्ये. तळहातावर पातळ थर द्यायचा, फुंकर मारत बसायचं, पांढऱ्याचं पारदर्शक झालं की नखाने कडा सोडवायची आणि हस्तरेषांसकट अख्खं कातडं अलगद सोलून काढायचं. अशी चार कातडी त्याने वर्तमानपत्रावर ओळीने मांडली. मुलांच्या हस्तकलेत हस्त तेवढे भरपूर असतात, कला असलीच तर ही एवढीच.

चमकीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की डोळा खाजतो. डबा सांडला. सोमवारी व्हिडिओ मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "कपाळावर काय चमकतंय?" मंगळवारी आमटीतही तीच.

कागद कापायला अर्थातच कात्री नव्हती. आईकडून दुधाची कात्री पाच मिनिटांच्या बोलीवर मिळाली. चार चौकोनांना गुलाबी, आठ त्रिकोणांना पिवळा, वरचा-खालचा चौकोन उघडा, खाली झिरमिळ्या. रात्री साडेअकराला कंदील झाला. लहानपणीच्या साठच्या बल्बने कागद तपकिरी व्हायचा. आता नऊ वॉटचा एलईडी, ती काळजी नाही.

सकाळी कात्री जागेवर नव्हती. आईने पिशवी सुरीने कापली, अर्धं दूध ओट्यावर. घरभर शोध. अकरा डबे, दोन्ही संकीर्ण, टेबलाखाली. नाही. तिन्हीसांजेला सगळं विसरून गॅलरीत कंदील टांगला. तो एका अंगाला कलत होता, त्यावर मी थोरलीला गुरुत्वमध्य समजावून सांगितला. बटण दाबलं.

गुलाबी कागदावर काळीभोर, रेखीव सावली पडली. दोन गोल मुठी, दोन पाती.

"धाकट्या!"

"मी टांगली," तो म्हणाला. "आजी म्हणते ना, वापरून झाली की टांगायची."

आतल्या तिरप्या काडीला, दोऱ्याच्या फासात, व्यवस्थित. खालून हात घालून काढायला गेलो, तर झिरमिळ्या हातात येऊ लागल्या. शेवटी आईनेच थांबवलं. दिवाळीत लावलेला कंदील उतरवायचा नाही म्हणाली, आणि दुधाला सुरी घेऊन गेली.

नरकचतुर्दशीला पहाटे खालच्या काकू रांगोळी काढता काढता वर बघून म्हणाल्या, "छान आहे हो! आत मासा काढलाय का?"

मी हो म्हणालो.