आकडा नको, कलमं बघा

प्रादेशिक विमान कंपनीच्या पायलटांनी नवा करार घ्यावा, कारण मूळ पगार वाढतोय, असं लेखात म्हटलंय. मला अजिबात पटलं नाही.

माझा भाचा अशाच एका कंपनीत एटीआर या छोट्या पंख्याच्या विमानावर को-पायलट आहे. छोटी छोटी उड्डाणं, दिवसाला चार. त्याचा उड्डाणभत्ता विमान हललं की सुरू, थांबलं की बंद. मधलं ताटकळणं फुकटात. जुलैत बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरून घरी आला, तर जेवता जेवताच डोळे मिटले पोराचे, भाकरीचा तुकडा हातात तसाच.

विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी डीजीसीएनं 2025 पासून आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास केली, पण ती किमान. करारात त्यावर काय देताय ते सांगा! शिवाय राजीनाम्याची नोटीस को-पायलटला सहा महिने, कॅप्टनला वर्षभर. नाही जमलं म्हणून उद्या सोडता येत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत असताना आम्हीही वाढीला भुलून सही केली होती. ओव्हरटाइमचं कलम नंतर वाचलं, तीन वर्षं भोगलं. पोरांनो, हमीचे तास, म्हणजे उड्डाण कमी झालं तरी ज्यांचे पैसे मिळतात ते तास, लेखी मिळेपर्यंत होकार देऊ नका.