टिश्यू कल्चरचं डाळिंब ‘जीएम’ नाही

सांगोला-पंढरपूरकडच्या डाळिंबवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. गोषवारा असा: टिश्यू कल्चरचं रोप म्हणजे जीएम (जनुकात बदल केलेलं), ‘सोलापूर लाल’ हा डाळिंबाचा वाण बाहेरचं जनुक घालून केलाय, आता कुठलंही झाड बॅक्टेरियात बुडवलं की बदलतं, आणि डाळिंबावरचा तेल्या रोग त्यातूनच आला.

टिश्यू कल्चरमध्ये ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाचा बारीक तुकडा निर्जंतुक बाटलीत वाढवून त्याची हजारो रोपं करतात. मातृझाडाची जनुकं तीच रोपात. झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून करतात त्या गुटी कलमातही हेच होतं, तिला कुणी जीएम म्हणत नाही. जीएम झाड करताना बहुतेक वेळा टिश्यू कल्चर लागतं, म्हणून ही गफलत होते.

‘सोलापूर लाल’ हा केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा २०१७ चा वाण. गणेश, नाना, ‘दारू’ (रानटी डाळिंब) आणि भगवा या डाळिंबांच्याच संकरातून आलेला. परागकण इकडचे तिकडे, बस्स. भारतात लागवडीत असलेलं मान्यताप्राप्त जीएम पीक कापूस एवढंच, तेही २००२ पासून.

बुडवण्याच्या गोष्टीत मात्र तथ्याचा कण आहे. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू स्वतःच्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो, हा त्याचा मूळचाच धंदा. १९८३ पासून शास्त्रज्ञ त्याच्याकरवी हवं ते जनुक पाठवतात. जनुक पेशीत जाणं त्यातल्या त्यात सोपं. खरी अडचण पुढे: त्या एका पेशीपासून अख्खं झाड उभं करायचं. बहुतेक फळझाडं इथंच हटून बसतात. डाळिंबाच्या तुकड्यातून टॅनिन हे तुरट द्रव्य पाझरतं, तो काळा पडतो आणि मरतो. म्हणून गेली काही वर्षं सुधारणांचा भर याच टप्प्यावर आहे. मक्यात २०१६ मध्ये ‘बेबी बूम’ आणि ‘वुशेल’ ही वाढीची जनुकं सोबत देऊन, न जुमानणाऱ्या वाणांतूनही रोपं मिळवली. २०२२ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी कापलेला भाग जिवाणूत बुडवून, तिथं आलेल्या बदललेल्या मुळांना फुटलेले कोंब वाढवले. मेसेजवाल्यानं बहुधा हेच उचललं. पण ते जमतं रताळ्यासारख्या, मुळातून फुटणाऱ्या झाडांत; ‘कुठलंही झाड’ हे त्याच्या पदरचं. डाळिंबात जपानमध्ये २००७ साली जनुक घालून दाखवलं, तेही शोभेच्या बुटक्या नाना जातीत, प्रयोगशाळेपुरतं.

राहिला तेल्या. भारतात त्याची नोंद १९५२ ची, म्हणजे पहिलं जीएम झाड जन्मायच्या तीस वर्षं आधीची. तो झँथोमोनास या जिवाणूमुळे येतो आणि पसरतो रोगट बागेतल्या गुटीतून, पावसाच्या शिंतोड्यांतून, छाटणीच्या कात्रीतून. निरोगी मातृझाडापासून केलेलं टिश्यू कल्चर रोप उलट स्वच्छ निघतं. शेजारच्या बागेतून पुढे लागण होऊ शकते, ती वेगळी गोष्ट. तेव्हा रोपं घेताना मातृझाडांची तपासणी झाली होती का, हे नर्सरीवाल्याला विचारा. आणि छाटणीत एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा.