पंपाची आंघोळ

स्लॅबच्या दिवशी घरमालकाला काय काय विचारतात, याची माझी तयारी होती. चहा कितीदा, जेवायला माणसं किती, नारळ कोण फोडणार. काँक्रीटची शेवटची गाडी रिकामी झाल्यावर पंप चालवणाऱ्या उस्तादाने विचारलं, "साहब, धुलाई कहाँ करनी है?" मला वाटलं, बिचाऱ्याला हात धुवायचेत. मी फाटकाजवळच्या नळाकडे बोट दाखवलं आणि मिस्त्रीला पेढा द्यायला वळलो.

धुवायचा होता पंप.

काँक्रीट पंपाचं पोट ज्यांनी आतून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बूमचा, म्हणजे पंपाच्या लांब हाताचा, पाइप 125 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे दर मीटरला बारा लिटर माल. बूम 36 मीटरची, म्हणजे नुसत्या नळीतच चारशे-साडेचारशे लिटर. शिवाय हॉपरच्या, म्हणजे गाडीतून माल पडतो त्या टाकीच्या, तळाशी बसलेला गाळ वेगळा. हे सगळं घट्ट व्हायच्या आत बाहेर निघालं नाही तर पंप जन्माचा मुका. म्हणून उस्ताद पंप उलटा चालवून माल हॉपरात ओढतो, नळीत स्पंजचा बॉल सोडतो, पाण्याचा फवारा मारतो आणि हॉपरचं खालचं दार उघडून सगळं ओकायला लावतो. मी बोट दाखवलेल्या नळाखाली आमचं गटाराचं चेंबर होतं.

हे फाल्गुनात. आषाढात पहिला मोठा पाऊस झाला आणि इंदुरातल्या आमच्या राजेंद्रनगरभरचं पाणी आमच्या न्हाणीघरातून वर आलं. प्लंबरने चेंबर फोडून हातभर लांबीचा एक गुळगुळीत, गोल ठोकळा बाहेर काढला. आईने नकळत हात जोडले.

मग आईलाच कुणीतरी सांगितलं, की गटारात सोडलेलं पाणी नाल्यात जातं, नाल्यातून खान नदीत (आता कान्ह म्हणायचं, पण आमच्या पिढीची जीभ वळत नाही) आणि तिथून उज्जैनला क्षिप्रेत. आई म्हणाली, "2028 च्या सिंहस्थात मला स्नान करायचंय. तुझ्या सिमेंटमध्ये करू?" 

तेव्हा दुसऱ्या स्लॅबला मी कंबर कसली. एक तर हे इंदूर. 2017 पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं गाव. इथे माणूस केळ्याची साल मुठीत धरून डबा सापडेपर्यंत चालतो, सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बारा वाजता खाऊन झालेला द्रोणसुद्धा कुणी खाली टाकत नाही. अशा गावात रस्त्यावर टनभर काँक्रीट सांडायचं म्हणजे दंड परवडला, पण शेजारच्या काकूंची नजर नको.

मी अंगणात खड्डा खणला. सहा फूट बाय चार फूट, खोली दोन फूट. आत जाड प्लास्टिकचा दुहेरी कागद, काठाला वाळूच्या गोण्या. हिशेब चोख होता. खड्ड्यात साडेतेराशे लिटर मावतं. उरलेला माल पाचशे, धुण्याचं पाणी पाचशे, वर तीनशे-साडेतीनशेची मोकळीक. आयुष्यात एवढा नेटका हिशेब मी आयकराचाही केला नव्हता.

खड्डा तयार होताच गल्ली गोळा झाली. एक भिया म्हणाले, बोअरिंग का? दुसऱ्यांनी सेप्टिक टँक ठरवून टाकली आणि तिचा वास कुठल्या दिशेला जाईल यावर वाद सुरू झाला. मुलाने मित्रांना पोहायला बोलावलं. आत्याने काही न विचारता चारी कोपऱ्यांना हळदकुंकू वाहिलं. पंप धुवायला खणलाय, असं मी सांगितल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले. बायको म्हणाली, "अहो, निदान हौद तरी म्हणा."

स्लॅब सुरेख झाला. 18 घनमीटर, सहा-सहाच्या तीन गाड्या. उस्तादाने धुलाईचं विचारताच मी वरातीतल्या व्याह्यासारखा त्याला हाताला धरून खड्ड्याकडे नेलं. त्याने खड्ड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आपने बनवाया? इसके लिए?" एवढा मान त्याला कुठल्याच साइटवर मिळाला नसावा. पंप काठाला आला, दार उघडलं, माल धबाधबा पडला, पाण्याचा पाइप सुरू झाला. मोकळिकीत एक इंचाचाही फरक नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. "भैया, हम भी धो लें?"

तीन गाड्यांचे तीन ड्रायव्हर. माल ओतायच्या पन्हाळीला लागलेलं काँक्रीट त्यांनाही धुवायचं होतं, आणि इतका सजवलेला खड्डा दिसल्यावर ते रिकाम्या हाताने कसे जातील? मी आमंत्रण एकाला दिलं होतं, पंगत चौघांची बसली. तिसऱ्या गाडीच्या वेळी राखाडी पाणी गोण्यांवरून उतरलं आणि काकूंच्या रांगोळीकडे निघालं. ते अडवायला मी चपला घालून मध्ये उभा राहिलो. उस्ताद गमबुटात होता, तो ओरडत होता, "साहब, पैर मत डालो!" मला वाटलं, साहेबाची काळजी.

संध्याकाळी तळपाय सोलले. मुलाने शाळेतल्या प्रयोगाचा कागद उरलेल्या पाण्यात बुडवला, तो जांभळा झाला. पीएच बारा. साधं पाणी सात, आणि दर आकड्याला क्षारता दहापट, म्हणजे माझे पाय साध्या पाण्याच्या लाखपट जहाल पाण्यात होते. बायको म्हणाली, तुमच्या आयुष्यात लाखाचा आकडा आला तो असा.

खरी गंमत आठवड्याने. पाणी उन्हाने उडून गेलं आणि खड्ड्यात उरला एक अखंड दगड. काँक्रीट घनमीटरला 2400 किलो भरतं. म्हणजे हा सव्वा टन. मिस्त्री खड्ड्याभोवती फिरला आणि म्हणाला, "ओला असताना सळईचा एक आकडा खोचून ठेवायचा होता. क्रेनने उचलला असता. नाहीतर ओल्यातच फावड्याने चौकोन पाडायचे." हे त्याला त्या दिवशी माहीत नव्हतं का? होतं. पण मी विचारलं नव्हतं.

घण घेऊन दोन माणसं लागली. दुपारपर्यंत दगडाने त्यांना दाद दिली नाही. वर पाणी साचलेलं, त्यामुळे त्याचं क्युरिंग, म्हणजे पाणी पिऊन पक्कं होणं, आठवडाभर अहोरात्र झालं होतं. स्लॅबवर मात्र मी सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभा. घरात सगळ्यात पक्कं काँक्रीट ते निघालं, जे टाकून द्यायचं होतं. शेवटी ब्रेकर आणला. मलबा उचलणाऱ्या गाडीने तुकडे देवगुराडियाला नेले, तिथे मलबा दळून त्याचे पेव्हर ब्लॉक करतात. काकू म्हणाल्या, उद्या तेच ब्लॉक आपल्या फुटपाथला लागतील बघ. त्या दिवसापासून मी फुटपाथवर जपून पाय टाकतो.

खड्डा आता बुजवायला मजूर सांगणार, तर परवा सकाळी मागच्या गल्लीतला ठेकेदार फाटकाशी आला. पोहे संपेपर्यंत ताटकळला, मग दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, रविवारी आमचा स्लॅब आहे. ऐकलंय, तुमच्याकडे खड्डा आहे?"

आईने आतून विचारलं, भाडं किती देणार. मी चष्मा घातला, वही काढली.

"बूम किती मीटरची? आणि गाड्या किती? ड्रायव्हर धरून सांगा."