गरिबाची सुई म्हणे!

आज घरी आलेल्या एकाने माझ्या टर्नटेबलकडे, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राकडे बघून नाक मुरडलं. "अजून 103 च? बाकी एवढं सगळं केलंस आणि सुई मात्र गरिबाची?" तेव्हा फारसं बोललो नाही. आता राहवत नाही.

डेनॉनची डीएल-103 ही कार्ट्रिज, म्हणजे सुई आणि तिला धरणारी छोटी डबी, कुणाच्या मेहेरबानीवर टिकलेली नाही. 1960 च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी ती घडवली आणि आजही ती बनते. तिचं मोठं दुखणं म्हणजे ते प्लास्टिकचं कवच. सुईबरोबर तेही थरथरतं. म्हणून मी ते काढलं.

ती रात्र विसरणं शक्य नाही. टेबललॅम्प, हातात पातं, श्वास रोखलेला. सुईच्या थरथरीची वीज करणाऱ्या कॉइलपासून मागच्या चार पिनांपर्यंत जाणाऱ्या तारा केसाहून बारीक. पहिल्या कार्ट्रिजची एक तार तुटली आणि डावा चॅनल कायमचा मुका झाला. दुसरीचं कवच कणाकणाने सोललं. पहाटे ती अॅल्युमिनियमच्या बॉडीत बसली. तबल्याची थाप अशी सुटी, भरीव आली की मी खुर्चीतून उठलोच नाही.

त्याच आठवड्यात मित्र त्याची बोरॉन कॅन्टिलिव्हरची (सुई धरणारी बारीक दांडी बोरॉनची) महागडी कार्ट्रिज घेऊन आला. दोन हेडशेल (कार्ट्रिज बसवायची खोबणी), एकच रेकॉर्ड, आवाजाची पातळी सारखी, कुठली लावलीय ते सांगायचं नाही. चांगली कुठली म्हणून विचारलं, तर दोनदा त्याने माझीच कार्ट्रिज निवडली.

बरं, रेकॉर्डच्या एका बाजूच्या शेवटच्या गाण्यात, जिथे खाच आत आत दाटत जाते, तिथे त्याची सुई 'स' आणि 'श' जास्त स्वच्छ उचलते. माझ्या गोल टोकाच्या सुईवर ते थोडे फाटतात. मान्य.

पण पैसे ओतून आणायची, कशीबशी वाकडी लावायची आणि वर दुसऱ्याला हिणवायचं? आजच्या पाहुण्याला मी एकच विचारलं, सुईचा भार किती ठेवलायस? त्याला सांगता येईना. माझी 2.5 ग्रॅमवर आहे, काट्यावर मोजून. तिचं सस्पेन्शन, म्हणजे दांडीला हलू देणारा लवचिक आधार, ताठ, म्हणून कार्ट्रिज धरणारा आर्मही जड निवडलाय. हे कळायला महिने गेले, आणि त्या महिन्यांत माझे कान तयार झाले.

जाऊ दे. राग त्याच्यावर नाहीच म्हणा. त्याने ती पहाट ऐकलेली नाही, एवढंच.

तुमच्यापैकी कुणाकडे जुनी 103 पडून असेल तर टाकू नका. कवच काढायला मी येतो. फक्त रात्र मोकळी ठेवा, घाईचं ते काम नाही.