आरसा निवड करत नाही

समाजमाध्यमांवर एक मजकूर वरचेवर फिरत असतो आणि प्रत्येक वादग्रस्त चित्रपटानंतर तो नव्याने वर येतो. त्याचा आशय असा: चित्रपट आणि गाणी हा समाजाचा आरसा आहे, समाज जसा असेल तसाच तो त्यात दिसणार, निर्माते लोकांना हवे तेच देतात, पडद्यावर पाहून कोणी बिघडत नाही की सुधारत नाही, गाण्याचे शब्द तर कोणी नीट ऐकतही नाही, आणि कलेने समाज घडत असता, तर सरकारांनी आदर्श गाणी ऐकवून आदर्श नागरिक केव्हाच तयार केले असते. तेव्हा चेहरा वाकडा असेल तर आरसा फोडू नका. हे शेवटचे वाक्य चटकदार असल्यामुळे त्याला दाद मिळते आणि आधीची विधाने तपासायची राहून जातात.

पहिले विधान आरशाचे. आरशासमोर जे उभे राहील ते सगळे त्यात दिसते. कॅमेऱ्यासमोर कोणाला उभे करायचे, हे मात्र कोणीतरी ठरवलेले असते. ही निवड केवळ कथेपुरती नसते, ती थेट रसायनापर्यंत पोहोचलेली असते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून रंगीत छायाचित्रे छापणाऱ्या प्रयोगशाळांना कोडॅक कंपनी एक नमुनापत्र पुरवत असे. त्यावर एका गोऱ्या तरुणीचे छायाचित्र असे, आणि तिच्या त्वचेचा रंग बरोबर उतरला की यंत्राची जुळणी नीट झाली, असे मानले जाई. तंत्रज्ञ त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. चित्रपटाच्या रिळाच्या टोकालाही रंग तपासण्यासाठी बहुधा अशाच एखाद्या गोऱ्या तरुणीच्या काही चौकटी जोडलेल्या असत. प्रेक्षकांना त्या कधी दिसत नसत, पण पुढे दिसणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याचे माप त्यांच्यावरून घेतलेले असे. परिणाम असा होई की गोरा आणि काळा माणूस शेजारी उभे असले, तर एकाच्या चेहऱ्यावरची रेघन् रेघ दिसे आणि दुसऱ्याचे फक्त डोळे व दात. १९७०च्या दशकात कंपनीने गडद छटा टिपण्याची फिल्मची क्षमता सुधारण्याचे मनावर घेतले, ते चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींमुळे. त्यांना जाहिरातींत आपल्या मालाच्या तपकिरी छटा वेगवेगळ्या दिसायला हव्या होत्या. माणसांच्या चेहऱ्यांची गैरसोय त्याआधीही होतीच, फक्त त्या गैरसोयीला तेवढे वजन नव्हते.

कथेच्या बाबतीत तर ही निवड लेखी नियमांनी होत असे. अमेरिकी चित्रपटसृष्टीने १९३० मध्ये स्वीकारलेली आणि १९३४ पासून काटेकोरपणे अमलात आणलेली ‘हेज संहिता’ १९६८ पर्यंत टिकली. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय व्यक्तींमधील प्रेमसंबंध दाखवण्यास तिने मनाई केली होती आणि गुन्ह्याबद्दल सहानुभूती वाटेल असे चित्रणही तिला चालत नसे. हे चित्रपट आरसा मानले, तर त्या काळात अमेरिकेत गुन्हेगार बहुधा सुटतच नसत, असा निष्कर्ष काढावा लागेल. जुन्या चित्रपटांतून त्या काळचे पोशाख, रस्ते आणि बोलण्याची ढब कळते, हे खरेच आहे; पण त्यांतून सर्वांत जास्त कळते ते हे, की तेव्हा कोणत्या गोष्टी दाखवण्याजोग्या मानल्या जात होत्या.

‘लोकांना हवे तेच दिले जाते’ हे दुसरे विधान. लोकांना काय हवे, हे त्यांच्या मनात आधीच ठरलेले असते आणि निर्माता ते फक्त ओळखतो, असे यात गृहीत धरलेले आहे. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने हे गृहीतक चांगलेच हलवले. १४ हजारांहून अधिक लोकांना अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी ऐकायला दिली गेली. काहींना इतरांची पसंती कळत नव्हती. उरलेल्यांचे आठ स्वतंत्र गट केले होते आणि प्रत्येकाला आपापल्या गटात कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले गेले, तो आकडा दिसत होता. गाणी तीच असूनही आठ गटांत क्रमवारी आठ प्रकारची झाली. एका गटात पहिले आलेले गाणे दुसऱ्या गटात चाळिसावे होते. अत्यंत चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी सुमार गाणी सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सर्वांचे नशीब सुरुवातीला कोणी काय निवडले यावर अवलंबून राहिले. ही सुरुवात विकतही घेता येते. रेडिओवर ठरावीक गाणी वाजवण्यासाठी निवेदकांना गुपचूप पैसे चारले जात असल्याचे अमेरिकी संसदेच्या चौकशीत उघड झाले आणि १९६० मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. जनतेची मागणी इतकी स्वयंभू असती, तर हा खर्च कोणी कशाला केला असता?

तिसऱ्या विधानात थोडे तथ्य आहे. एखादा हिंसक चित्रपट पाहून माणूस उठतो आणि खून करतो, ही मांडणी भाबडी आहे, आणि प्रत्येक गुन्ह्यानंतर पडद्याकडे बोट दाखवणाऱ्यांशीही माझे जमत नाही. मात्र परिणाम म्हणजे फक्त तात्काळ अनुकरण नव्हे. ब्राझीलमध्ये १९६०च्या सुमारास एका स्त्रीमागे सरासरी सहाहून अधिक मुले होती आणि १९९१ पर्यंत हे प्रमाण तिनाच्या आत आले. याची कारणे अनेक होती. पण एलियाना ला फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्लोबो’ वाहिनीचे प्रक्षेपण कोणत्या भागात केव्हा पोहोचले याची जन्मदराशी तुलना केली, तेव्हा वाहिनी पोहोचलेल्या भागांत जन्मदर अधिक घटलेला आढळला. तिच्या मालिकांतील बहुतेक नायिकांना एकतर मूल नसे किंवा एकच असे. कोणीही कुटुंबनियोजनाचे भाषण केले नव्हते. लहान कुटुंब रोज संध्याकाळी घरात दिसत होते, एवढेच. मालिका म्हणजे चित्रपट नव्हे, हा आक्षेप मान्य, पण कथा आणि प्रेक्षक यांचे नाते दोन्हीकडे सारखेच आहे.

शिवाय, जे अस्तित्वातच नाही ते आरसा दाखवू शकत नाही. २०१५ च्या ‘स्पेक्टर’ या बाँडपटात मृतांच्या दिवसानिमित्त मेक्सिको शहरात निघालेली भव्य मिरवणूक आहे. तो सण जुना असला तरी तिथे अशी मिरवणूक निघत नसे. चित्रपटानंतर, २०१६ मध्ये, ती खरोखर सुरू झाली. याचेच भीषण उदाहरण १९१५ चे आहे. गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणारी अमेरिकेतील मूळची ‘कू क्लक्स क्लॅन’ संघटना क्रूस जाळत नव्हती. ही कल्पना एका कादंबरीतून ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटात आली आणि त्याच वर्षी नव्याने उभ्या राहिलेल्या संघटनेने जॉर्जियातील स्टोन माउंटनवर खरा क्रूस पेटवला.

गाण्याचे शब्द कोणी ऐकत नाही, या चौथ्या विधानाला एस्टोनियाचे उदाहरण पुरेसे आहे. सोव्हिएत राजवटीने तिथली देशभक्तिपर गीते वर्ज्य केली होती. जे कोणी ऐकत नाही त्यावर कोणी बंदी घालत नाही. १९८८ मध्ये टॅलिनच्या गीतमहोत्सवाच्या मैदानावर लाखोंनी लोक जमून देशभक्तिपर गीते गाऊ लागले. तीन वर्षांनी मिळालेल्या स्वातंत्र्यामागे मॉस्कोतील राजकारणही होते, तरीही लोक त्या काळाला ‘गाणारी क्रांती’ म्हणतात.

राहिला सरकारी गाण्यांचा टोमणा. तो प्रयोग भारतात होऊन गेला आहे. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांना चित्रपटसंगीत हलके वाटे. त्यांच्या धोरणामुळे ते ऑल इंडिया रेडिओवरून जवळपास हद्दपार झाले आणि त्याची जागा शास्त्रीय व सुगम संगीताने घ्यावी, असा प्रयत्न झाला. श्रोत्यांनी रेडिओची सुई फिरवून रेडिओ सिलोन लावले, जिथे त्याच वर्षी ‘बिनाका गीतमाला’ हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम सुरू झाला होता. या फजितीवरून गाणी समाज घडवत नाहीत, असे सिद्ध होत नाही. पहिला भारतीय बोलपट १९३१ चा. म्हणजे अवघ्या वीस-एकवीस वर्षांत चित्रपटगीतांनी कोट्यवधी लोकांचा कान असा घडवला होता की मंत्र्याच्या हुकमालाही तो वळेना. ऑक्टोबर १९५७ मध्ये सरकारनेच ‘विविध भारती’ सुरू केली आणि तीवर चित्रपटगीते वाजू लागली, तेव्हा मंत्रिपदी केसकरच होते.