डॉक्टरला कंपनीत ‘नाही’ म्हणता येतं का?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटलाय. एक ज्युनिअर, एमडी मेडिसिन, जिल्ह्याच्या गावातली चांगली चालणारी प्रॅक्टिस बंद करून पुण्यात हेल्थ-टेक कंपनी काढतोय. निम्म्यांनी त्याचं अभिनंदन केलं. बाकीच्यांनी “सरकारी सीट वाया घालवलीस” म्हणून सुनावलं. एका सरांनी तर “पेशंट बघायचा कंटाळा आला की लोक स्टार्टअप काढतात” असं लिहून विषयच संपवला. मी स्वतः आठवड्यातले काही दिवस ओपीडी करते आणि उरलेले दिवस अशाच एका छोट्या कंपनीत क्लिनिकल हेड म्हणून बसते. ग्रुपवर चार ओळींत हे मावणार नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी त्या सीटबद्दल. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन हे हृदयशल्यचिकित्सक होते. ऱ्हुमॅटिक तापानं हृदयाची झडप खराब झालेली तरुण आणि गरीब माणसं त्यांच्याकडे यायची, आणि परदेशातून येणारी कृत्रिम झडप त्यांना परवडायची नाही. ऑपरेशन करणारे हात होते, बसवायला झडप नव्हती. वलियाथन इंजिनिअरांना सोबत घेऊन झडप बनवायला बसले. पहिली तीन डिझाइन्स फसली. त्यातल्या एकात तर कृत्रिम नीलमण्याच्या स्फटिकाची चकती होती, तीही टिकली नाही. चौथ्या डिझाइनमध्ये चकती आली ती एका दणकट प्लास्टिकची, पॉलिएथिलीनची. मेंढ्यांवरच्या चाचण्या पार करून डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. पुढे टीटीके या कंपनीनं तिचं उत्पादन केलं आणि आजवर एक लाखाहून जास्त रुग्णांच्या छातीत ती चालली आहे. (जयपूर फूट आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतो, पण ही झडप मेडिकलच्या मुलांनाही माहीत नसते, याचं मला फार वाईट वाटतं.) एका सर्जननं जन्मभर रोज ऑपरेशनं केली असती तरी तो एवढ्या माणसांपर्यंत पोचला नसता. मग वलियाथन यांचे वर्कशॉपमध्ये गेलेले तास वाया गेले म्हणायचं का?

त्यामुळे डॉक्टरनं यंत्र, औषध, सॉफ्टवेअर यांच्या कामात पडावं की नाही हा माझ्या मते प्रश्नच नाही. पडावं, जरूर पडावं. प्रश्न आहे तिथे गेल्यावर तो डॉक्टर म्हणून उरतो का.

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. मुंबईतले डॉ. अभिषेक सेन आणि डॉ. योगेश पाटील, आणि त्यांच्यासोबत मिष्किन इंगवले हे इंजिनिअर, यांनी बायोसेन्स नावाची कंपनी काढली. मुंबईपासून फार लांब नसलेल्या पारोळमध्ये रक्तक्षयामुळे बाळंतपणात दगावलेल्या बाईची हकीगत इंगवले यांनी २०१२ च्या टेड भाषणात सांगितली होती. सुई न टोचता, बोटातून प्रकाश सोडून हिमोग्लोबिनचा अंदाज घेणारं यंत्र त्यांना बनवायचं होतं. पहिलं यंत्र चाललं नाही. ३२ वेळा पुन्हा बनवावं लागलं, असं त्यांनीच सांगितलं.

हा प्रश्न डॉक्टरलाच का सुचला? ज्यानं पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) एएनसीचा, म्हणजे गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस काढलाय त्याला विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची रांग व्हरांड्याबाहेर जाते. सिस्टर एक, आणि तिच्या हातात हिमोग्लोबिन मोजायची जुनी साहलीची नळी. नळीत हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घ्यायचं, बोटातून २० मायक्रोलिटर रक्त ओढायचं, मिसळून दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब पाणी घालत तपकिरी रंग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचा. पावसाळ्यात, ढगाळ उजेडात, लाइट गेलेली असताना. पुस्तकात ही पद्धत व्यवस्थित आहे. पण तीस बाया ताटकळत असताना प्रत्येकीला दहा मिनिटं कुठून आणणार? मग पापणी खाली ओढून आतला फिकेपणा बघितला जातो आणि रजिस्टरमध्ये ओळीनं साडेनऊ, दहा, साडेनऊ, दहा असे आकडे उतरत जातात. सिस्टरला मी दोष देणार नाही, तिच्या जागी कुणीही असतं तरी हेच झालं असतं. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. ज्या आजारात निम्म्याहून जास्त बाया आहेत, त्याची तपासणी आपण बराच काळ अशी अंदाजानं करत आलो. आता बऱ्याच ठिकाणी डिजिटल हिमोग्लोबिनोमीटर आले आहेत, ते बरं झालं, पण त्याच्या स्ट्रिप संपल्या की गाडी पुन्हा पापणीवरच येते.

शहरातल्या ऑफिसात बसलेल्या हुशार इंजिनिअरला यातलं ‘हिमोग्लोबिन मोजायचंय’ एवढंच कळतं. उजेड, रांग, सिस्टरची बाकीची अठरा कामं, स्ट्रिपचा पुरवठा, हे सगळं त्याला कुणीतरी सांगावं लागतं. हे सांगणं डॉक्टरचं पहिलं काम.

दुसरं काम जास्त अवघड, आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. ते आकड्यांबद्दलचं. मीटिंगमध्ये स्लाइड येते, ‘आमचं एआय ९५ टक्के अचूक’. सगळे टाळ्या वाजवतात. समजा एक आजार शंभरात एकाला आहे आणि आपण १०,००० लोक तपासले. खरे आजारी १००. यंत्र त्यातले ९५ पकडेल, उत्तम. पण उरलेल्या ९,९०० निरोगी माणसांपैकी पाच टक्के, म्हणजे ४९५ जणांनाही ते ‘आजारी’ म्हणेल. एकूण ५९० लोकांच्या हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट पडला, त्यातले खरे आजारी ९५. शंभरातले सोळा. बाकीचे चौऱ्याऐंशी जण काय करणार? मजुरी बुडवून एसटीनं ग्रामीण रुग्णालयात जाणार, तिथून जिल्ह्याला पाठवले जाणार, सोनोग्राफी, सीटी, एखाद्याची बायोप्सी, घरात रडारड, दागिना गहाण. हा हिशोब एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षात पीएसएमला (सामाजिक आरोग्याच्या विषयात) शिकवतात आणि आपण तो परीक्षेपुरता पाठ करतो. कंपनीच्या त्या खोलीत मात्र तो करून दाखवणारा बहुतेक वेळा एकटा डॉक्टरच असतो, आणि त्याला टाळ्यांच्या मध्येच हात वर करावा लागतो.

बायोसेन्सचीच पुढची गोष्ट बघा. लघवी तपासायच्या रंगीत पट्ट्या आपण सगळे वापरतो. पट्टी बुडवायची आणि डब्यावरच्या रंगांशी डोळ्यानं जुळवायची. त्यांनी यूचेक नावाचं अ‍ॅप आणलं, ज्यात फोनचा कॅमेरा पट्टीचा फोटो घेऊन निकाल सांगतो. कल्पना सुंदर आहे, आजही मला आवडते. मे २०१३ मध्ये औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं कंपनीला पत्र पाठवलं. मुद्दा असा की त्या पट्ट्यांना परवानगी आहे ती डोळ्यानं वाचण्यासाठी. वाचणारा फोन झाला की फोन, अ‍ॅप आणि पट्टी मिळून एक नवं वैद्यकीय उपकरण होतं आणि त्याला वेगळी मंजुरी लागते. त्या वेळी टेक जगातल्या बऱ्याच लोकांना हा सरकारी खोडा वाटला. मला तो मुद्दा तंतोतंत बरोबर वाटतो. खोलीतला उजेड पिवळा असेल, फोनचा कॅमेरा जुना असेल, तर लघवीतल्या प्रोटीनचा ‘प्लस टू’ (बरंच) हा निकाल ‘निल’ (अजिबात नाही) दिसू शकतो, आणि आठव्या महिन्यातल्या बाईच्या बाबतीत त्या दोन निकालांमधलं अंतर फिट येण्याइतकं असतं. यंत्र स्वस्त असणं आणि यंत्र तपासलेलं असणं यांत आपल्याला निवड करायची वेळ येऊ नये.

आपल्याकडेही आता कायदा तिथे पोचला आहे. २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स आले, आणि १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं, निदानासाठी वापरलं जाणारं सॉफ्टवेअरसुद्धा, औषध कायद्याच्या कक्षेत आली. ए ते डी असे जोखमीचे वर्ग आहेत. आपलं उत्पादन कुठल्या वर्गात बसतं हे ते ‘कशासाठी’ वापरायचं यावर ठरतं, आणि ते एक वाक्य लिहिताना डॉक्टर खोलीत हवाच. “फक्त वेलनेससाठी” असं लिहून सुटका करून घ्यायचा मोह प्रत्येक कंपनीला होतो. पेशंट मात्र ते वाचून औषधाची गोळी कमी-जास्त करत असतो.

आता याची उलटी बाजू. अमेरिकेतल्या थेरानोसचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, रक्ताच्या काही थेंबांत ढीगभर तपासण्या करण्याचा दावा आणि मग खटला. त्यातल्या डॉक्टरांकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. लॅबचे संचालक डॉ. अ‍ॅडम रोझेनडॉर्फ हे पॅथॉलॉजीचे माणूस. निकालांबद्दल शंका घेत राहिले, वर कळवत राहिले, आणि २०१४ मध्ये नोकरी सोडून गेले. २०२१ च्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली. त्यांच्यानंतर संचालकाच्या जागी आले ते कंपनीच्या एका वरिष्ठाचे त्वचारोगतज्ज्ञ. आपण त्या लॅबमध्ये मोजून दोन वेळा गेलो, असं त्यांनी कोर्टात सांगितलं. कागदावर दोन्ही वेळा ‘लॅबला डॉक्टर आहे’ ही अट पूर्ण झालेली. कंपनीला सहीपुरता डॉक्टर हवा असेल तर तो मिळतोच.

हे लांबच्या देशातलं म्हणून सोडून देऊ नका. मी आधी ज्या कंपनीत होते तिथे वॉर्डातल्या पेशंटचे श्वास आणि ऑक्सिजन मोजून नर्सला अलर्ट देणारी प्रणाली होती. ग्राहक हॉस्पिटलांची तक्रार आली की अलर्ट फार वाजतात. तक्रार खरी होती. अलर्टचा कंटाळा येऊन नर्सेस आवाजच बंद करतात, हेही धोकादायकच. पण त्यावर उपाय काढला तो पातळी खाली आणण्याचा, म्हणजे ऑक्सिजन आणखी उतरेपर्यंत यंत्र गप्प. मी म्हटलं, आधी मागचा डेटा काढा, या बदलामुळे कोणते पेशंट निसटले असते ते मला दाखवा, मग ठरवू. उत्तर आलं, “मॅडम, तुमचं मत नोंदवून घेतलंय.” पुढच्या अपडेटमध्ये पातळी बदलली होती. वेबसाइटवर माझा पांढऱ्या कोटातला फोटो तसाच, खाली ‘डॉक्टरांनी बनवलेलं’. मी राजीनामा दिला आणि फोटो काढायला लावला.

नंतर आताच्या कंपनीत येताना मी पगाराच्या आधी एका कलमावर बोलले. निदान, अलर्ट किंवा औषध यांच्याशी संबंध असलेला कुठलाही बदल क्लिनिकल हेडच्या लेखी मंजुरीशिवाय पेशंटपर्यंत जाणार नाही, आणि ही मंजुरी सेल्सची किंवा गुंतवणूकदाराची मुदत दाखवून ओलांडता येणार नाही. संस्थापक दोघंही इंजिनिअर, तिशीतली मुलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मान्य केलं. आमचे वाद होतात, कडाक्याचे होतात. एकदा एक मोठी ऑर्डर पुढे ढकलावी लागली. पण ही मुलं आता स्वतःच विचारतात, “मॅडम, यात निसटणारा पेशंट कोण?” हे ऐकलं की मला मनापासून आनंद होतो, वॉर्डात एखादा इंटर्न पहिल्यांदा बरोबर प्रश्न विचारतो तेव्हा व्हायचा तसा.

म्हणून त्या ज्युनिअरला माझं सांगणं वेगळं आहे. सीट वाया गेली का याची चिंता करू नकोस. तू संस्थापक आहेस, म्हणजे आज तुझ्याकडे ‘नाही’ म्हणायची ताकद आहे. पहिली गुंतवणूक आली की ती कागदावरून हळूहळू सरकायला लागते. बोर्डात कोण, मत कुणाचं, उत्पादन थांबवायचा अधिकार कुणाकडे, हे पैसे यायच्या आधी लिहून घे. जमेल तितका काळ अनुदानावर काढ. बायरॅक या सरकारी संस्थेचं ‘बिग’ नावाचं अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं, आणि कल्पना पडताळून बघायला ते पुरतं. आयआयटी मुंबईतलं बेटिक हे केंद्र २०१४ पासून डॉक्टर आणि इंजिनिअर यांना एका टेबलावर बसवतंय, तिथे जाऊन ये. नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीतही त्यांचं काम आहे. आणि ओपीडी पूर्ण सोडू नकोस. आठवड्यातून एक दिवस का होईना, समोर पेशंट बसू दे. तुझं अ‍ॅप न वापरणारा, फोन मुलाच्या हातात देणारा, गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतणारा पेशंट.

जे दमलेत म्हणून इकडे वळतायत, त्यांच्याशी मात्र मला मोकळेपणानं बोलायचंय. ३६ तासांच्या ड्युट्या, नीट-पीजीचे दोन-तीन प्रयत्न, कॅज्युअल्टीत नातेवाइकांची मारहाण, यातून बाहेर पडावंसं वाटणं अगदी समजण्यासारखं आहे. त्याबद्दल कुणी तुम्हाला कमी लेखत असेल तर लेखू दे. पण दमलेला माणूस मिळेल त्या करारावर सही करतो, आणि ‘मेडिकल अ‍ॅडव्हायझर’ या गोंडस पदाखाली नेमका कुठला अधिकार आहे हे विचारायचं राहून जातं. आधी महिनाभर झोपा, घरच्यांबरोबर राहा. मग करार वाचा.

असा करार हातात असलेल्या कुणाही ज्युनिअरनं मला इनबॉक्समध्ये पाठवावा. मी वकील नाही, पण क्लिनिकल मंजुरीचं कलम आहे की नाही आणि त्यात पळवाट कुठे ठेवलीय, एवढं नक्की वाचून सांगेन. आमच्या कंपनीतल्या त्या कलमाचा मसुदाही संस्थापकांची परवानगी घेऊन देते आहे, पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय. हवा तसा बदलून वापरा.